डॉ. सौ. आनंदीबाई जोशी : परक्या शहरातील तीन वर्षे



आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा दर वर्षी होते आणि हा निवृत्त शिक्षक ती यथामती पाळतो. या वर्षी विषय शोधत बसावे लागले नाही. गेल्या श्रावणात आमच्या आळीतील एक मुलगी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील एका कारखानदारीच्या शहरी निघाली. निरोपाला आम्ही सारे जमलो होतो. तिच्या आजींनी मला बाजूला घेऊन विचारले, की या पोरीचे तिकडे खाणेपिणे, सणवार, देवधर्म यांचे कसे व्हायचे? मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र मनाला लागून राहिले. आयुष्यभर मुलांना चरित्रे शिकवणाऱ्या मास्तराला त्या वेळी एक चरित्र आठवू नये, याचे वैषम्य वाटले. कारण हाच प्रश्न १८८३ साली अठरा वर्षांच्या एका मुलीला लोकांनी भर सभेत विचारला होता आणि तिने त्याचे उत्तर प्रथम वाणीने व पुढे तीन वर्षांच्या आचरणाने दिले होते. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी, परदेशी जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. त्यांच्या पदवीचा गौरव आपण शाळेच्या पुस्तकातून वाचलेला आहे. त्यांनी त्या परक्या शहरात दिवस कसे काढले, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. तेच येथे सांगण्याचा विचार आहे.

बालपण व विवाह

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव गणपतराव. माहेरचे नाव यमुना. घराणे एके काळी संपन्न होते, पुढे परिस्थिती उतरली होती. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. पहिली पत्नी निवर्तलेली, वय यमुनेहून सुमारे वीस वर्षांनी अधिक. मुलीला मी शिकवीन व कोणी आडवे येऊ नये, अशी अट घालून त्यांनी हे लग्न केले. त्या काळी वरपक्षाकडून हुंड्याची अट येई, शिक्षणाची अट घालणारा वर विरळाच. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांचा स्वभाव विक्षिप्त व तापट होता. अभ्यास झाला नाही तर ते बायकोवर हात उगारीत, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेले नाही आणि आपणही लपवू नये. शिकवण्याचा ध्यास खरा होता, पण रीत कठोर होती. पुढे आनंदीबाईंनी पतीला परदेशातून जी पत्रे लिहिली, त्यांत कृतज्ञता आणि त्या जुन्या दुखण्याची आठवण या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आढळतात.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. स्त्री-वैद्य नाही आणि पुरुष डॉक्टरासमोर बाळंतीण जाऊ शकत नाही, अशी तेव्हाची घरोघरची स्थिती होती. आपल्या कृष्णाकाठीही काही वेगळे नव्हते. मिरजेस डॉ. वानलेस यांचे रुग्णालय उभे राहिले ते त्यानंतर काही वर्षांनी. त्यापूर्वी सातारा-सांगलीच्या किती लेकीसुना सुइणीच्या हाती आणि देवाच्या भरवशावर सोपवल्या गेल्या असतील, त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही. आनंदीबाईंच्या मनात वैद्यक शिकण्याचा निश्चय रुजला, तो या दुःखातून.

कोल्हापुरातून निघालेले एक पत्र

गोपाळरावांची बदली कोल्हापुरास झाली, तेथील एक प्रसंग आपल्या भागाला जवळचा आहे. कोल्हापुरात पूर्वी काम केलेले वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी मायदेशी परतून एक मासिक चालवीत असत. १८७८ साली गोपाळरावांनी त्यांना पत्र लिहून पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डर यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार मासिकात छापला. म्हणजे परदेशीच्या शिक्षणाचे दार उघडण्याआधीच त्याचे मोल सांगितले गेले होते, आणि ते मोल म्हणजे स्वधर्म. जोशी दांपत्याने ते मान्य केले नाही.

पण छापलेले शब्द कोठे जाऊन पडतील हे कोणाला सांगता येते? न्यू जर्सी संस्थानातील रोझेल या गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणीच्या हाती १८८० साली तो अंक पडला. दंतवैद्याच्या दारात वाट पाहत बसल्या असता त्यांनी तो सहज चाळला. धर्मांतर न करता शिकू पाहणाऱ्या एका हिंदू मुलीविषयी त्यांच्या मनात कणव उत्पन्न झाली व त्यांनी पत्र धाडले. दोघींचा पत्रव्यवहार वाढत गेला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. ज्यांचे तोंडही पाहिले नव्हते, त्या परधर्मीय बाईंशी असे घरचे नाते जुळले.

श्रीरामपूरची सभा

पुढे गोपाळरावांची नेमणूक बंगालमध्ये झाली. कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथे असताना आनंदीबाईंच्या परदेशगमनाची वार्ता फुटली आणि चोहोंकडून टीका सुरू झाली. ख्रिस्ती मंडळींना ती बाटल्यावाचून जाते याचे वाईट वाटे, आणि आपल्या लोकांना ती बाटण्यासाठीच जाते अशी खात्री होती. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि इंग्रजीतून बोलल्या. अमेरिकेस का जायचे, येथे शिकण्याची सोय नाही काय, एकटीनेच का जायचे, परत आल्यावर ज्ञाती बहिष्कार घालील त्याचे काय, संकट आल्यास काय करणार, आणि जे कोणा स्त्रीने केले नाही ते तूच का करावेस, असे सहा प्रश्न घेऊन त्यांनी एकेकाला उत्तर दिले. बहिष्काराविषयी त्यांचे म्हणणे सरळ होते. आहार, वेश आणि आचार यांत मी येथल्यासारखीच राहणार आहे, मग मला वाळीत टाकण्याचे कारण काय? मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, हा त्यांच्या भाषणाचा सारांश होय. अठरा वर्षे पूर्ण होण्यास त्या दिवशी महिन्याहून अधिक अवकाश होता.

प्रवासखर्चाच्या तरतुदीसाठी सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. पती बरोबर नव्हते. सोबत होती ती मिशनरी स्त्रियांची. शाकाहारी माणसाच्या पानात पडावे असे बोटीवर फारच थोडे मिळे. धर्मांतराचा उपदेश मात्र न मागता मिळे. सुमारे दोन महिन्यांनी, ४ जून १८८३ रोजी, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाई न्यावयास आल्या होत्या.

रोझेल येथील पहिला उन्हाळा सुखाचा गेला. मावशींच्या घरी मुलेबाळे होती. आनंदीबाई त्यांच्यात रमल्या. त्यांनी यजमानांना आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून वाढला, तेथल्या बायकांना हौसेने लुगडी नेसवली. परधर्मीयांच्या घरात राहूनही आपले वेगळेपण कोणाला बोचणार नाही आणि स्वतःलाही लाजवणार नाही, असे वागण्याची कला त्यांना उपजतच साधलेली होती.

धुराचे व पोलादाचे शहर

१८८३ च्या शरद ऋतूत आनंदीबाई फिलाडेल्फिया येथे विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. पेनसिल्वेनियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय तेथे १८५० सालापासून चालत होते. केवळ स्त्रियांना वैद्यकाची पदवी देणाऱ्या जगातील अगदी पहिल्या संस्थांत त्याची गणना होते. प्रमुख अधिष्ठात्या रॅशेल बॉड्ली या रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. आनंदीबाईंचा अर्ज वाचून त्यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरांच्या शिष्यवृत्तीची व्यवस्था केली.

ते शहर कसे होते याची कल्पना वाचकांनी केली पाहिजे. १८८० च्या शिरगणतीत फिलाडेल्फियाची वस्ती साडेआठ लाखांच्या घरात होती, म्हणजे त्या वेळच्या मुंबईहूनही ते मोठे. डेलावेअर व स्कूलकिल या दोन नद्यांच्या मधल्या भूमीवर कापडाच्या व गालिच्यांच्या गिरण्या, करवतींचे व यंत्रांचे कारखाने, जहाजे बांधण्याच्या गोद्या पसरल्या होत्या. बाल्डविन कंपनीचा प्रचंड कारखाना तेथेच होता आणि जगातील अनेक देशांच्या आगगाड्यांना तो इंजिने पुरवीत असे. हे सारे पेनसिल्वेनियाच्या खाणींतील कोळशावर चाले. घराघरांतून शेगड्याही कोळशाच्याच. हिवाळ्यात दिवस लहान, आकाश करडे, रस्त्यांवर बर्फ, आणि सर्वांवर धुराचे पांघरूण. आपण महाबळेश्वरच्या थंडीला थंडी म्हणतो. फिलाडेल्फियात पाणी गोठते आणि दिवसेंदिवस तसेच राहते. कृष्णेच्या घाटावर पहाटे स्नान करणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही तो गारवा सोसला नसता.

अशा शहरात एकट्या हिंदू मुलीने भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड मांडले. खोलीतील शेगडी सदोष होती. विस्तव पेटवावा तर खोलीभर धूर कोंडे, न पेटवावा तर हाडे गोठत. धूर की थंडी, यांतून रोज एकाची निवड करावयाची. दिवसभर व्याख्याने, रात्री अभ्यास, आणि मध्ये स्वतःचा स्वयंपाक. मांसाहार वर्ज्य. हिवाळ्यात भाजीपाला दुर्मीळ. घरून येणाऱ्या एखाद्या पदार्थाची चव जिभेवर किती दिवस पुरणार? खोकला, ताप आणि डोकेदुखी यांनी त्यांना घेरले. प्रकृती मुळातच नाजूक होती, कलकत्त्यासही त्या वारंवार आजारी असत. पुढे बॉड्लीबाईंनी त्यांच्या राहण्याकडे स्वतः लक्ष घातले, तरी पहिल्या हिवाळ्याने जे पोखरायचे ते पोखरलेच.

आचार आणि धर्म

येथे आपण क्षणभर थांबून त्यांच्या धर्मपालनाकडे पाहू. कारण आजींच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे.

पहिली गोष्ट वेशाची. आनंदीबाई नऊवारी लुगडे नेसत. त्या नेसण्यात पोटऱ्या उघड्या राहतात. त्या थंडीत ते प्रकृतीला मानवणारे नव्हते आणि त्या देशाच्या रीतीलाही धरून नव्हते. विदेशी झगा घालणे सर्वांत सोपे होते, पण ते त्यांनी केले नाही. त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसावयास आरंभ केला, जेणेकरून पाय घोट्यापर्यंत झाकले जावेत. याबद्दल पतीला पत्र लिहून कळवले. गोपाळरावांना ते रुचले नाही. त्यांच्या पत्रांतून टोचणी व संशय येत राहिले. एक पत्र जाऊन त्याचे उत्तर येण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागे. तेवढे दिवस मनात बोल घेऊन वावरायचे आणि शरीरशास्त्राची पाने पाठ करायची, हे सोपे नव्हते. तरी आनंदीबाईंनी साडी सोडली नाही आणि प्रकृतीला आवश्यक तो फरकही सोडला नाही. १० ऑक्टोबर १८८५ रोजी त्या महाविद्यालयात काढलेले एक छायाचित्र सुप्रसिद्ध आहे. जपानच्या केई ओकामी, सिरियाच्या साबात इस्लांबुली आणि आपल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या वेशात आहेत. आमच्या शाळेच्या भिंतीवर मी त्याची प्रत लावली होती. मुली ते चित्र पाहत उभ्या राहत, आणि मधल्या सुट्टीनंतर त्यांना वर्गात हाक मारून आणावे लागे.

दुसरी गोष्ट सोवळ्याची. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला प्रेताचे विच्छेदन करावे लागते. ज्या घरात प्रेताच्या नुसत्या सावलीनंतर स्नान, त्या घरातील मुलीने हाती शस्त्र घेऊन ते काम करायचे. आनंदीबाईंना पदवी हवी होती तर यातून सुटका नव्हती, आणि त्यांनी सुटका मागितलीही नाही. ज्या विद्येने पुढे शेकडो बाळंतिणींचे प्राण वाचावयाचे, तिच्या मार्गात विटाळ आडवा येऊ देणे त्यांना धर्म वाटला नाही. उलट आहाराचा नियम पाळण्याने कोणाचे नुकसान होत नव्हते. तो त्यांनी स्वतः कष्ट सोसून पाळला. कोणता नियम धरावा आणि कोणता सोडावा, याचा विवेक अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी त्यांनी शास्त्रीबोवांना न विचारता केला. प्रस्तुत लेखकाच्या अल्पमतीला हा विवेकच त्यांच्या धर्माचा गाभा वाटतो.

तिसरी गोष्ट श्रद्धेची. भोवती सारे ख्रिस्ती. त्यांतील पुष्कळजण मनाने अत्यंत चांगले, आणि चांगल्या माणसांचा आग्रह मोडणे वाईट माणसांच्या आग्रहापेक्षा अवघड असते. शिष्यवृत्ती, निवारा, माया, सारे त्यांच्याकडूनच मिळत होते. आनंदीबाई त्यांची प्रवचने ऐकत, त्यांच्या धर्मातील चांगले ते चांगले म्हणत, आणि आपल्या जागी स्थिर राहत. १८८३ च्या सप्टेंबरात पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. ती वार्ता सर्वत्र पोहोचली होती. आता या दुसऱ्या ब्राह्मण स्त्रीची पाळी कधी, असे अनेकांना वाटत असणार. रमाबाईंचा मार्ग त्यांच्या अंतःकरणाचा होता आणि त्यांचे कार्य थोर आहे, त्यांना नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. आनंदीबाईंनीही त्यांना नावे ठेवली नाहीत. दोघींचा स्नेह होता, आणि पदवीदान समारंभास रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या. एकीने धर्म बदलला, दुसरीने राखला, आणि दोघी एकमेकींच्या यशाने आनंदित झाल्या. आपल्या ज्ञातीतील भांडणे आठवून हे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे अशी विनंती आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. अमेरिकेतील एका स्त्रियांच्या सभेत बोलताना आनंदीबाईंनी बालविवाहाच्या रूढीचे समर्थन केले. श्रोत्यांना धक्का बसला. नवव्या वर्षी लग्न आणि चौदाव्या वर्षी पुत्रशोक सोसलेल्या स्त्रीने असे बोलावे याचे आपल्यालाही आश्चर्य वाटते. परक्यांच्या सभेत आपल्या घराची उणीदुणी काढण्यास मन तयार होत नाही, असा अनुभव परदेशी राहणाऱ्या अनेकांना येतो. घरात जे खुपते, तेच परक्याने बोलून दाखवले की आपण त्याची बाजू घेऊ लागतो. आनंदीबाईंचे ते मत आज कोणी मान्य करणार नाही. पण थोर व्यक्तीचे चरित्र सांगताना गैरसोयीचे पान फाडून टाकावयाचे नसते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे.

पदवी आणि परतीची वाट

१८८५ साली गोपाळराव अमेरिकेस पोहोचले. पतीच्या सहवासाने आनंदीबाईंना धीर आला असेल, तसा तापही झाला. गोपाळराव तेथे व्याख्याने देऊन अमेरिकन चालीरीतींवर कडक टीका करू लागले आणि ज्यांनी पत्नीला आश्रय दिला, त्यांचीच मने दुखावू लागली. दोन्ही बाजू सांभाळून घेण्याचे काम अर्थातच आजारी पत्नीकडे आले.

त्याही स्थितीत त्यांनी प्रबंध पुरा केला. विषय होता प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. पाश्चात्त्य विद्यापीठाची पदवी घेताना त्यांनी आपल्या जुन्या ग्रंथांतील ज्ञान परीक्षकांपुढे ठेवले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टर ऑफ मेडिसिन ही पदवी मिळाली. साडी नेसलेली ही मुलगी व्यासपीठावर आली, तेव्हा तिचे वय एकवीस वर्षांस वीस दिवस कमी होते. पदवीदानाचे वृत्त व्हिक्टोरिया राणीलाही कळवण्यात आले.

त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाकडून बोलावणे आले. तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. ज्या कोल्हापुरातून साहाय्याची याचना करणारे पहिले पत्र गेले, तेथेच डॉक्टर म्हणून परत जाण्याचा योग आला होता. सांगली-मिरजेपासून कोल्हापूर ते किती दूर! आपल्याकडील कितीतरी घरच्या बायकांना एका दिवसाच्या प्रवासात स्त्री-डॉक्टर भेटली असती.

पण क्षयाने शरीर व्यापले होते. या रोगाचे जंतू जर्मनीत कॉख यांनी १८८२ साली शोधून काढले होते, त्यावर गुणकारी औषध मिळण्यास मात्र १९४० नंतरचे दशक उजाडावे लागले. १८८६ च्या ऑक्टोबरात आनंदीबाई अमेरिकेहून निघाल्या व १६ नोव्हेंबर रोजी मुंबईस उतरल्या. ज्या समाजाने टीकेची झोड उठवली होती, त्यानेच आता हार-तुरे आणले. वृत्तपत्रांनी गौरव केला. पुण्यास उपचार झाले, देशी व विलायती दोन्ही. उतार पडला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कोल्हापूरच्या रुग्णालयात एक दिवसही त्यांना काम करता आले नाही.

समुद्रपर्यटन केलेल्या स्त्रीच्या अंत्यसंस्कारास भटजी येतील की नाही, अशी धास्ती आप्तांना होती. ती खोटी ठरली. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणून परत येईन, हा शब्द त्यांनी पाळला होता. त्यांच्या ज्ञातीनेही शेवटच्या क्षणी का होईना, आपले कर्तव्य पाळले. त्यांच्या अस्थिरक्षेचा अंश गोपाळरावांनी कार्पेंटरमावशींकडे पाठवला, आणि न्यूयॉर्क संस्थानातील पुकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, तो विसावला आहे. तेथील शिळेवर त्यांचे नाव आजही वाचता येते.

१८८८ साली कॅरोलाइन डॉल या अमेरिकन विदुषीने त्यांचे चरित्र लिहिले. मराठीत ते काम काशीबाई कानिटकर यांनी केले, आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे काशीबाईंचा जन्म त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील अष्टे गावचा. शाळेत न जाता, घरातल्यांची थट्टा सोसून, त्या लिहिण्या-वाचण्यास शिकल्या होत्या. म्हणजे परदेशी शिकून आलेल्या पहिल्या स्त्री-डॉक्टरची कहाणी मराठी माणसाला सांगितली ती आपल्या जिल्ह्याच्या लेकीने. पुढे श्री. ज. जोशी यांची कादंबरी १९६८ साली आली, २०१९ साली चित्रपट आला, आणि शुक्र ग्रहावरील एका विवरालाही आनंदीबाईंचे नाव दिले गेले.

आपण काय घ्यावे?

आनंदीबाईंच्या मृत्यूला त्यांचा आचार कारण झाला, असे कोणी म्हणतात. मांस खाल्ले असते, झगा घातला असता, तर त्या जगल्या असत्या, असा त्यांचा तर्क असतो. मला तो पटत नाही. त्या काळी क्षयाने मांसाहारी आणि झगे घालणारे लोकही त्याच फिलाडेल्फियात हजारोंनी मरत होते. धुराची खोली, अपुरे अन्न, अविश्रांत श्रम आणि मनस्ताप ही कारणे खरी. आणि यांतील मनस्ताप तरी आपल्या लोकांना टाळता आला असता. ज्या ज्ञातीने मृत्यूनंतर खांदा दिला, तिने निघतानाच धीर दिला असता, तर त्या मुलीच्या पाठीवरचे निदान एक ओझे हलके झाले असते. तिच्या बांगड्या तिच्या हातात राहिल्या असत्या.

आज काळ पालटला आहे. १९३२ साली लंडनला महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, १९८१ साली उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांचे बृहन्मंडळ झाले. ज्या पेनसिल्वेनियात आनंदीबाईंना हिंदू देवालय दृष्टीस पडले नाही, त्याच राज्यातील पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरी १९७० नंतरच्या दशकात वेंकटेश्वराचे मंदिर उभे राहिले. डाळ-तांदूळ मिळतो, पत्राऐवजी रोज मुखदर्शन होते. तरीही परक्या शहरातील पहिल्या हिवाळ्याचे एकटेपण पूर्वीचेच आहे, असे मुले सांगतात.

म्हणून त्या आजींना, आणि त्यांच्या निमित्ताने सर्व सभासद कुटुंबांना, मी आता उत्तर देतो. मुलीला जाताना नियमांची यादी देऊ नये, विवेक द्यावा. काय सोडावे व काय धरावे हे तिला तेथे, त्या थंडीत, स्वतःच ठरवावे लागेल. तिने साडी कशी नेसली याची चौकशी करणारी पत्रे पाठवू नयेत, खोलीत ऊब आहे ना, पोटभर खाल्लेस ना, हे विचारावे. तिला तेथे कोणी परधर्मीय मावशी भेटली, तर तिच्याविषयी शंका घेऊ नये. आणि ज्या मुलीच्या घरी विकायला बांगड्याही नाहीत, तिच्यासाठी आपल्या मंडळाचा शिक्षण-निधी कधी रिकामा राहू नये.

गेल्या दिवाळीत त्या मुलीचा आजींना फोन आला, तेव्हा मी तेथेच होतो. तिने खोलीत पणती लावली होती आणि शेजारच्या खोलीतील दोन परदेशी मुलींना करंज्या करून वाढल्या होत्या. करंज्या थोड्या फुटल्या, असे ती सांगत होती. आजी हसत होत्या. मला रोझेलचा तो उन्हाळा आठवला.